सासऱ्यांच्या नावापुढच्या दोन तिरक्या रेघा

आदरणीय साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. (तुमची पाठ अजून धरलेली असेल तर उलट नमस्कार वाकून करू नका, नुसती मान हलवलीत तरी इकडे पोचला असं समजेन.) ताईंची तब्येत कशी आहे? चिमणीचे पुढचे दात आले का, की अजून ती 'स' म्हणताना समोरच्याला भिजवते? आणि तुमच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात रोज झोपायला येणारे ते गृहस्थ ठीक आहेत ना? मागे तुम्ही म्हणाला होतात, ते घोरायला लागले की बाकीचे वाचक तुमच्याकडे रागाने बघतात, जणू घोरणंही तुम्हीच त्यांना आठवड्याच्या बोलीवर वाचायला दिलं आहे. इकडे सर्व क्षेम आहे. हे वाक्य हाताला सवय म्हणून लिहिलं. कितपत क्षेम आहे ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

फोन सोडून पत्र का, असं मनात आलं असेल. आपल्या घरात फोनवर बोलणारी माणसं दोन आणि ऐकणारी चार असतात. मी तुम्हाला फोन लावला की इकडे आमची ही कान देऊन बसते, तिकडे ताई स्पीकर चालू करतात, आणि थोड्या वेळाने दोघी बहिणीच एकमेकींशी बोलू लागतात. आपण दोघं आपापल्या टोकाला 'हं, हं' करत राहतो. म्हणून पत्र, आणि तेही घरी न पाठवता वाचनालयाच्या पत्त्यावर. वाचून झालं की कोणी कधी न नेणाऱ्या एखाद्या जाडजूड ग्रंथात ठेवून द्या.

तर विषय आपल्या सासऱ्यांचा आहे. (आपल्या दोघांत दुसरा विषय असतो कुठे?) तुम्हाला ठाऊकच आहे की सासऱ्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलसमोरच्या चौकात आणखी एक नवी ड्रायव्हिंग स्कूल निघाली. त्यांची वेबसाइट आहे, आणि तीत एक तांबडी गाडी डावीकडून उजवीकडे पळत जाते. सासऱ्यांनी ती एकदाच पाहिली आणि म्हणाले, या गाडीने लेन बदलली पण इंडिकेटर दिला नाही. तेवढ्यावर त्यांनी तो प्रतिस्पर्धी निकालात काढला. पण नवी मुलं तिकडे जाऊ लागली, आपल्या शाळेची छोटी गाडी दाराशी उभी राहू लागली, तेव्हा सासूबाईंनी आणि आमच्या हिने ठरवलं की आपलीही वेबसाइट हवी. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण माझा धंदाच तो. तुम्ही मागे विचारलं होतंत की मी कचेरीत नेमकं करतो काय. एखाद्या पानावर तुम्ही बटण दाबता आणि काहीच होत नाही, तेव्हा ते बटण ज्याने केलेलं असतं तो माणूस मी.

मी आठवडाभराची रजा काढली. काम वरच्या मजल्यावर घरातच करणार होतो, पण सासरे म्हणाले, शाळेचं काम शाळेत झालं पाहिजे. त्यामुळे खालची ती रस्त्यालगतची खोली, सासऱ्यांचं टेबल, टेबलावर रंगवलेला चौक आणि त्या चौकात कायमच्या अडकलेल्या चार खेळण्यातल्या मोटारी यांच्या शेजारी माझा लॅपटॉप मांडला गेला. सासरे समोर बसले. गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसतात तसेच बसले, म्हणजे पाय किंचित पुढे, उजवं पाऊल उचललेलं, कधीही ब्रेक दाबावा लागेल म्हणून. त्यांना माझ्यासमोर ब्रेक नव्हता एवढाच फरक, आणि त्याचं त्यांना वाईट वाटत असावं.

पहिला दिवस नुसता सामान उतरवण्यात गेला. आमच्या धंद्यात थेट काम सुरू करता येत नाही. आधी काम करण्याची जागा उभी करावी लागते. लिहायला एक एडिटर, हुकूम सोडायला एक काळी खिडकी, लिहिलेलं चालवून दाखवणारा एक सर्व्हर, चुका काढणारं एक हत्यार, आणि हे सगळं जमवून आणणारं आणखी एक हत्यार. यातलं एक मागवलं की ते एकटं येत नाही. पाहुण्याला जेवायला बोलवावं तर तो मेव्हण्याला आणतो, मेव्हणा मित्राला आणतो, मित्राला एकट्याला करमत नाही म्हणून त्याची आतेबहीण येते, तसं शेकड्यांनी येतं. काळ्या खिडकीतून ओळीमागून ओळी सरकत होत्या. सासरे बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी विचारलं की यातलं आपल्या कामाचं किती. मी खरं ते सांगितलं, की हे आमच्यात नक्की कोणालाच माहीत नसतं, पण काढायला गेलं की घर पडतं. त्यांनी मला हाताला धरून बाहेर नेलं, शाळेच्या गाडीची डिकी उघडली आणि दाखवली. आत एक जॅक, एक जादा चाक आणि एक फडकं होतं. डिकी बंद केली आणि आम्ही आत आलो.

दुसऱ्या दिवशी सगळं उभं राहिलं आणि पडद्यावर पिवळ्या अक्षरांत सूचना आल्या. आता पिवळ्या सूचनांचं असं आहे की आम्ही जाणती माणसं त्या वाचत नाही. लाल आलं तर थांबतो. पिवळं म्हणजे काहीतरी बरोबर नाही, पण चालतंय. मी हे सहज बोलून गेलो. सासऱ्यांचा तो पाय खाली टेकला. म्हणाले, "म्हणजे तुम्ही सिग्नल तोडता." झालं. जोवर एकही पिवळी ओळ दिसते आहे तोवर पुढे जायचं नाही, असा हुकूम निघाला. कचेरीत वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेल्या जातीच्या सूचना मी एकेक करून सोडवत बसलो. त्यातली एक अशी होती की अमुक गोष्ट तुम्ही जाहीर केली आहे पण कुठेच वापरलेली नाही. सासऱ्यांनी ती मोठ्याने वाचायला लावली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. (लग्नाआधी त्यांनी मला स्वतः शिकवून लायसन्स काढून दिलं होतं, आणि त्यानंतर मी आजवर गाडी चालवलेली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.)

पण तिसऱ्या दिवसापासून गंमत अशी झाली की त्यांना हे आवडायला लागलं. हल्ली अख्खं पान एकसंध करत नाहीत, सुटे भाग करतात आणि जोडतात. त्या एकेका भागाला कंपोनंट म्हणतात. मी त्यांना सांगितलं की शिक्षकाचं कार्ड हा एक भाग; तो एकदाच करायचा, मग पहिल्या पानावर लावा, शिक्षकांच्या पानावर लावा, चौकशीच्या पानावर लावा. एका ठिकाणी सुधारलं की सगळीकडे सुधारतं. सासरे म्हणाले, हे उत्तम. माणसांच्या बाबतीत एका ठिकाणी बिघडलं की सगळीकडे बिघडतं तेवढंच दिसतं. सुटा भाग पानात बसवण्याआधी वेगळा ठेवून तपासायचंही एक हत्यार असतं. त्यात मी ते शिक्षकाचं कार्ड काढलं आणि त्याच्या सगळ्या अवस्था दाखवल्या: फोटो असलेलं, फोटो नसलेलं, नाव फार लांब असलं तर, शिक्षक नवीन असला तर, शिक्षक रजेवर असला तर. गॅरेजमध्ये डायनॅमो काढून बाकावर ठेवून चालवून बघतात तसं हे, असं त्यांनीच मला समजावलं.

सगळ्यात आवडला तो आपोआप बदलणारा पडदा. एडिटरमध्ये मी काही लिहून सेव्ह केलं की पान परत उघडावं लागत नाही. समोरच्या समोर तेवढाच भाग बदलतो. फॉर्ममध्ये अर्धं नाव भरलेलं असावं, मी फॉर्मचा रंग बदलावा, आणि ते अर्धं नाव जागच्या जागी राहावं. हे पाहून ते खरोखर उठून उभे राहिले. म्हणाले, ही तर चालत्या गाडीचं चाक बदलल्यासारखी गोष्ट झाली. आणि लगेच, आपण कौतुक करून बसलो हे लक्षात येऊन, म्हणाले की असं कधी करू नये.

त्यांना ते आपल्या फोनवर हवं होतं. मी म्हटलं, त्यात काय. घरच्या वायफायवर लॅपटॉपचा पत्ता त्यांच्या फोनमध्ये घालून दिला. झालं; मी आत सेव्ह करायचं आणि बाहेर बाकावर बसलेल्या सासऱ्यांच्या हातात पान बदलायचं. मी मथळा मोठा केला की खिडकीतून आवाज यायचा, की जावईबापू, जरा जास्त झालं. फोन ते आधी नाकाशी नेत, मग हात लांब करून बघत, मग पुन्हा नाकाशी. येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःचं कार्ड दाखवत. मला वाटलं, चला, जावई म्हणून एकदा तरी उपयोगी पडलो. साडूभाऊ, असं ज्या क्षणी वाटतं ना, त्या क्षणी माणसाने गाव सोडावं.

कारण त्याच दुपारी सासरे जेवून आडवे झाले असताना सासूबाई आणि आमची ही जिना उतरून खाली आल्या आणि माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. शेजारच्या दंतवैद्यांच्या दारातल्या कुंड्यांचं तुमच्या कानावर आलं असेल. सासऱ्यांनी शाळेची गाडी मागे घेताना त्या कुंड्या फोडल्या आणि घरी येऊन सांगितलं की दंतवैद्यांनी कुंड्यांची जागा बदलली. ते सोडून देऊ. पण नंतर असं कळलं की चौकात सासऱ्यांनी गाडी पुढे घ्यायला सांगितली तेव्हा शिकणारी मुलगी त्यांना म्हणाली, सर, लाल आहे. आणि हे तिला म्हणाले, शाबास, तुझं लक्ष आहे का तेच मी बघत होतो. हे शाळेतल्या मॅडमनी सांगितलं. (मॅडम म्हणजे सासऱ्यांकडेच शिकल्या, मग मुलांच्या शाळेची बस चालवायच्या, आता इथे शिकवतात. सरांची पद्धत शिकायची आहे असं सांगून त्या हल्ली त्यांच्या प्रत्येक फेरीला मागच्या सीटवर बसतात. पद्धत त्यांना बारा वर्षांपूर्वीच आली आहे.) थोडक्यात, सासऱ्यांना दिसत नाही हे सासऱ्यांखेरीज सगळ्यांना दिसत होतं, आणि त्यांना सांगायची छाती कोणालाच नव्हती. मागे कोणीतरी चष्म्याचा नंबर वाढला असेल एवढंच म्हटलं, तर दोन दिवस ते अबोला धरून बसले होते. ताईंनी फोनवर सल्ला दिला म्हणे, की जावयाने सांगावं, जावयाचा मान राखतात. तुम्ही लांब, म्हणजे जावई कोण राहिला?

पण मी सांगायचं नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं. वेबसाइटवर सांगायचं. शिक्षकांमध्ये एकट्या मॅडमचं कार्ड ठेवायचं. नवी मुलं मॅडमना विचारत येतील, जुनी शिकून बाहेर पडतील, आणि सासरे हळूहळू आपोआप कमी होतील. सासूबाईंचं म्हणणं होतं की त्यांना कळणारही नाही. लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई आपल्या नवऱ्याबद्दल असं म्हणते तेव्हा जावयाने काय बोलावं? मी म्हटलं, दिसतं कसं ते बघू. शिक्षकांच्या यादीत सासऱ्यांच्या नावाची ओळ होती, तिच्यापुढे मी दोन तिरक्या रेघा मारल्या आणि सेव्ह केलं.

सासरे जागे झाले होते हे मला माहीत नव्हतं. बाहेरच्या जिन्याने उतरून ते बाकावर बसले होते, चौकशीला आलेल्या एका बाईंना आणि त्यांच्या मुलीला पान दाखवत होते. हा मी, असं म्हणून त्यांनी बोट ठेवलं आणि बोटाखालून ते स्वतःच गेले. पहिल्या पानावरून गेले, शिक्षकांच्या पानावरून गेले, चौकशीच्या पानावरूनही गेले. एका ठिकाणी केलं की सगळीकडे होतं हे मीच तर शिकवलं होतं. त्या बाईंनी अगदी साधेपणाने विचारलं, "तुम्ही कुठे गेलात?"

ते आत आले. सासूबाई आणि आमची ही जिन्यावर पसार झाल्या. मी म्हटलं, आता बोलणी खायची. पण सासरे फोन दोन्ही हातांत धरून, काठोकाठ भरलेली कपबशी आणावी तसे हळू आले आणि ओशाळून म्हणाले की माझ्या अंगठ्याने काहीतरी बिघडलं वाटतं, नको तिथे दाबलं गेलं, तुमचं फार नुकसान तर नाही ना झालं. मी म्हटलं, छे, सर्व्हर जरा अडखळला. रेघा काढल्या, सेव्ह केलं, ते परत आले. त्यांनी माझे आभार मानले. साडूभाऊ, खोटं बोलून शिव्या खाव्या लागल्या तर त्या पचतात. आभार पचत नाहीत.

मग सगळी संध्याकाळ तेच. आमची ही वरून येऊन मान हलवून विचारायची, मी रेघा मारायचो. बाहेरून खाकरल्याचा आवाज आला की रेघा काढायचो. सासूबाई चहाच्या निमित्ताने आल्या, रेघा. कप न्यायला आल्या, रेघा. त्यांच्यासमोर मला नाही म्हणवत नव्हतं आणि त्यांची पाठ वळली की मला ते बघवत नव्हतं. बाहेर बाकावर आपले सासरे वळणावरच्या गाडीच्या दिव्यासारखे लागत होते आणि विझत होते. शेवटी ते आत आले, दार लोटून घेतलं आणि टेबलाच्या त्या बाजूला, शिकणाऱ्याची असते त्या खुर्चीवर बसले.

"गाडी एकदा बंद पडली तर शिकणाऱ्याची चूक असते," ते म्हणाले. "दोनदा पडली तर क्लचकडे बघावं. पण दर वेळी कोणीतरी जिना उतरल्यावरच बंद पडायला लागली, तर ती गाडीची चूक नसते. हे यंत्र करतंय की माणूस?"

मी म्हटलं, "माणूस."

"कोण?"

"बोटं माझी आहेत."

"बोटं कोणाची ते दिसतंय. सांगणं कोणाचं ते मी विचारत नाही, मला याच घरात जेवायचं आहे." मग म्हणाले, कसं केलंत ते दाखवा.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. अक्षरं मोठी केली, आणखी मोठी केली, तेव्हा ते नाक मागे घेऊन बसले. मी सांगितलं की ही तुमच्या नावाची ओळ, आणि ह्या तिच्यापुढच्या दोन तिरक्या रेघा. रेघा असल्या की यंत्र ती ओळ वाचत नाही. त्यांनी विचारलं, म्हणजे पुसलेलं नाही? मी म्हटलं, नाही. नाव, अनुभव, फोटो, सगळं जिथल्या तिथे असतं. ओळ राहते, फक्त तिच्यावाचून काम चालतं.

त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे रिटायर," ते म्हणाले.

ते टेबलावरच्या चौकातली एक मोटार उचलून तिची चाकं अंगठ्याने फिरवत बसले. बाहेर मॅडमची फेरी संपून गाडी दाराशी लागल्याचा आवाज आला. मग मोटार होती तिथे परत ठेवून ते म्हणाले की कुंड्या कोणी हलवल्या नव्हत्या. दिव्यांना हल्ली काटे फुटलेले दिसतात, समोरच्या गाडीचा नंबर म्हणजे पाण्यात पडलेलं शाईचं अक्षर. मॅडम मागे का बसतात हेही त्यांना कळत होतं. त्यांनी ते चालवून घेतलं, कारण त्या मागे असल्या की मुलांना धोका नाही. म्हणजे जे सगळ्यांना माहीत होतं ते त्यांना आधीपासून माहीत होतं, आणि आपण सगळे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

"डोळ्यांचं मला काही वाटत नाही," ते म्हणाले. "डॉक्टर काय, काढतील जुनं आणि घालतील नवं. पण एकदा किल्ली हातातून सुटली की परत कोण देतं हो?"

तुम्ही असतात तर काही वजनदार बोलला असता. मला सुचलं ते आमच्या धंद्यातलं. मी तो सुटे भाग तपासायचा पडदा उघडला, शिक्षकाच्या कार्डाच्या अवस्था काढल्या आणि त्यातली रजेवरची दाखवली: फोटो तसाच, नाव तसंच, कोपऱ्यात छोटी पट्टी, 'सध्या रजेवर'. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. रजेवरचा माणूस परत येतो का, असं विचारलं. मी म्हटलं, डॉक्टरांनी परवानगी दिली तर येतो. नाही दिली तर आपण दोघं मिळून दुसरी पट्टी करू, पण ती तुमच्यासमोर करू. ते म्हणाले, लावा. पट्टीचा रंग मी राखाडी केला होता, तो त्यांना मढ्यासारखा वाटला. लाल नको म्हणाले. पिवळा लावून घेतला. शिवाय गाडीत बसत नसलो तरी तोंड शाबूत आहे, म्हणून रस्त्याचे नियम खोलीत बसून मी शिकवीन, ते माझ्या नावाखाली घाला, असं सांगितलं. मी घातलं. सेव्ह केलं. त्यांनी खिशातून फोन काढून स्वतःला पाहून घेतलं आणि बाहेर जाऊन शाळेच्या गाडीची दुसरी किल्ली मॅडमच्या हातात दिली. मॅडम 'हो सर' एवढंच म्हणाल्या आणि उगाचच गाडीची काच पुसायला लागल्या.

वर जाऊन त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. मी मागून जिना चढलो तेव्हा सासूबाई डोळ्यांना पदर लावून भांडत होत्या, की इतके दिवस बोलला का नाहीत. सासरे म्हणाले, तुम्ही तरी कुठे बोललात. मग, मध्ये कोणीतरी हवंच असतं म्हणून, आमची ही माझ्यावर घसरली, की एवढी साधी गोष्ट तुला गुपचूप करता आली नाही. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू आहे, इतके दिवस काय करत होतात, असं विचारलं. सासऱ्यांनी उत्तर दिलं, ड्रायव्हिंग शिकवत होतो.

असो. फार लांबलं. ताईंना नमस्कार, चिमणीला गोड पापा, पाठीला सांभाळा, आणि कपाटाच्या वरच्या खणातली पुस्तकं स्वतः काढू नका. झोपलेल्या त्या गृहस्थांना उठवून सांगा.

आपला,
एकाच सासऱ्यांचा दुसरा जावई

ता. क. ताईंनी शाळेची वेबसाइट पाहा म्हणून आपल्या सगळ्या मैत्रिणींना कळवलं आहे असं ऐकतो. त्यांना आवरा. ती वेबसाइट अजून जगात कुठेच नाही. ती फक्त माझ्या लॅपटॉपवर चालते आणि घरच्या वायफायवर सासऱ्यांच्या फोनमध्ये दिसते. म्हणजे सासऱ्यांना तिच्यावरून काढलं काय नि ठेवलं काय, एकाही नव्या मुलाला ते दिसलं नसतं. हे माझ्या लक्षात पाचव्या दिवशी आलं. घरात अजून कोणाच्या आलेलं नाही. तुम्हीही विषय काढू नका. बाकावरची ती मुलगी शिकायला आली आहे. तिला विचारलं, आमच्याकडे कशी आलीस, तर म्हणाली, दारावरची पाटी वाचून.

ता. क. दुसरं, आणि खरं तर यासाठीच पत्र. शस्त्रक्रिया तुमच्या गावी करायचं ठरलं आहे, कारण ताईंच्या ओळखीचे डॉक्टर तिकडे आहेत. आधी एक डोळा, मग दुसरा, मग विश्रांती. थोडक्यात, सासरे तुमच्याकडे बरेच दिवस राहतील. ताईंना हे ठाऊक आहे. तुम्हाला मी सांगावं असं त्यांनी ठरवलं. सासऱ्यांना पडद्याकडे बघायची बंदी आहे, त्यामुळे ते दुसऱ्याला पडद्यासमोर बसवतील. तुमच्या वाचनालयाच्या वेबसाइटचा विषय त्यांनी काढला तर आश्चर्य वाटू देऊ नका. माझा जुना लॅपटॉप, सगळं सामान उतरवलेला, त्यांच्यासोबत दिला आहे. पिवळ्या सूचना आल्या तर काय करायचं ते ते सांगतीलच.

ता. क. तिसरं. ते आधी यायला तयार नव्हते, जावयाच्या घरी इतके दिवस कसं राहायचं म्हणत होते. म्हणून मी त्यांना सांगितलं की थोरल्या जावयांचा फोन आला होता, त्यांनी फार आग्रह केला, नाही म्हटलंत तर त्यांना वाईट वाटेल. हे ऐकून त्यांचा चेहरा असा काही उजळला की पुढे मला खरं बोलवलं नाही. पत्राला जरा उशीर झाला आहे. ते बहुधा आज संध्याकाळच्या गाडीने पोचतील. दार उघडताना तेवढा आग्रह चेहऱ्यावर आणा.